बुडालेल्या खलाशाचा फेटा

मी समुद्रात बुडून मेलो, त्याला आता वर्ष होईल. तेही सोलापुरात!

आमच्या गौरीनं एका जुन्या इंग्रजी दर्यावर्दी कादंबरीवरून नाटक लिहिलं. तिचं पहिलंच. स्पर्धेसाठी पोरगी दोन महिने धड जेवली नाही. मला तिनं एका खलाशाचं काम दिलं. कादंबरीत त्याला जेमतेम अर्धं पान आहे. "वादळ आलं!" असं ओरडायचं आणि बुडायचं. पण त्याच्या मरणानं कप्तान खचतो आणि पुढचं सगळं नाटक त्या दुःखावर उभं राहतं.

मी लगेच मंगळवेढ्याला सासऱ्यांना फोन लावला. "मामा, माझ्याशिवाय जहाज हलत नाही!" (अर्धं पान म्हणून सांगायला कुणाला आवडतं?)

प्रयोगाला सासरवाडीची नऊ माणसं एसटीनं आली आणि पहिल्या रांगेत बसली. मी ओरडलो, उडी मारली, अंगावर निळ्या चादरीच्या लाटा आल्या. सभागृह चिडीचूप! तेवढ्यात सासरे नारळ आणि फेटा घेऊन थेट रंगमंचावर चढले.

"थांबा की जरा! जावईबापूंचा मान ऱ्हायलाय."

कप्तान झालेले सलीमभाई (सात रस्त्याजवळ त्यांचं शिलाईचं दुकान आहे) हळूच म्हणाले, "चाचा, ये मर गया है!"

"मेले कुटं? प्वाट हलतंय बगा की!"

मी निपचित पडून राहायला हवं होतं. तेवढंच तर काम होतं! पण फेटा जरीचा होता. मी लाटांतून उठलो, मान वाकवून फेटा बांधून घेतला आणि वर हात जोडून 'दोन शब्द'ही बोललो! विंगेत गौरी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. ते मला भाषण संपल्यावर दिसलं.

परत बुडावं, हेही सुचलं नाही. सासऱ्यांनी हाताला धरून मला खाली नेलं आणि पहिल्या रांगेत शेजारी बसवलं. मग सलीमभाई जेव्हा जेव्हा "माझा खलाशी गेला!" म्हणून टाहो फोडत, तेव्हा अख्खं सभागृह माझ्या फेट्याकडे बघून हसत सुटायचं. बक्षीस गेलंच.

घरी आल्यावर गौरी एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला फक्त मरायचं होतं."

तेव्हा मात्र मी लाजेनं खरंच मेलो. प्रयोग संपल्यावर!

यंदा तिनं मला पडदा ओढायचं काम दिलंय. मी कानाला खडा लावलाय, मंगळवेढ्याला एक अवाक्षर कळवायचं नाही. फक्त काल फोनवर बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "मामा, माझ्याशिवाय पडदाच उघडत नाही!"