राऊंडच्या आधीची चादर

इन्शाला कशाचीच किळस येत नाही, असं तिच्या नर्सिंग कॉलेजात सगळे म्हणायचे. मालेगावची पोर, बाप रहेमान यंत्रमागावर राबणारा, घरात शिकलेली ही पहिलीच. सडलेली जखम पहिल्यांदा उघडली तेव्हा बाकीच्या मुली तोंडाला रुमाल लावून बेसिनकडे पळाल्या. ही मात्र तिथेच उभी राहून शांतपणे पू पुसत होती. आणि आता नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला लागल्यापासून याच मुलीला सकाळ-संध्याकाळ किळस येते. रक्ताची नाही, बेडपॅनची तर मुळीच नाही. माणसांची येते.

एकदा वापरून फेकायचे हातमोजे इथे धुऊन खिडकीच्या गजांवर वाळत घालतात. वर पावडर भुरभुरली की झाले नवे! हात धुवायच्या बेसिनमध्ये चहाचे कप पडलेले असतात. धाकटी बहीण आयशा फोनवर विचारते, "आपा, कॉलेजात शिकलेलं तिथं खरंच कामाला येतं का गं?" तिलाही नर्सच व्हायचंय. इन्शा म्हणते, "येतं ना. चादर घालता येते."

खोटं नव्हतं ते. मोठे डॉक्टर राऊंडला यायच्या आधी जनरल वॉर्डात एकच धावपळ असे. प्रत्येक पेशंटला पाठीवर सरळ झोपवायचं, चादर छातीपर्यंत ओढायची आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली अशी घट्ट खोचायची की सुरकुती दिसता कामा नये. कॉलेजात याला मार्क होते, इथे शाबासकी होती. पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, पाठ बघा, कोरडी ठेवा, हेही त्याच कॉलेजात शिकवलं होतं. पण कुशीवर वळलेला पेशंट म्हणे वेडावाकडा दिसतो.

त्या सोमवारी इन्शाची ड्युटी पहिल्यांदाच खिडकीकडच्या रांगेत लागली. तिथे धोंडाबाई होती, लासलगावकडची म्हातारी. कांद्याच्या खळ्यावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन आठवडा उलटलेला. उशाशी मुलगा भिका बसलेला. कॉटच्या लोखंडी दांड्यात त्याने उदबत्ती खोचली होती. उदबत्तीच्या वासाखाली दुसरा एक वास होता, गोडसर, घशात चिकटणारा. इन्शाने तो लगेच ओळखला.

"मॅडम, आजींची पाठ बघायला हवी. आत्ताच," ती इनचार्ज वेदिका सिस्टरला म्हणाली.

"राऊंड झाल्यावर बघ. खोचलेली चादर आता काढू नकोस."

"वास येतोय मॅडम."

"मग अजून एक उदबत्ती लाव. नवीन आहेस, होईल सवय."

मोठे डॉक्टर आले. पायथ्याशी उभे राहिले, ताणलेल्या चादरीकडे पाहून "व्हेरी गुड" म्हणाले आणि पुढे गेले. पेशंटच्या पाठीवर सही करायची असती तर कदाचित उलटून पाहिलं असतं. त्या कडक इस्त्रीच्या कोटावर जाऊन ओकावं, असं इन्शाला खरोखर वाटलं.

राऊंड दाराबाहेर पडताच तिने चादर उपसली. भिकाला हाताशी घेतलं, म्हातारीच्या दोन पायांत उशी दिली, शिकवलं होतं तसं खांद्याला आणि कमरेला धरून अलगद कुशीवर वळवलं. कंबरेखाली तळहातभर कातडं काळं पडून गळालं होतं. आत हाड दिसत होतं.

वेदिका सिस्टर धावत आली. एक नजर टाकून तिने इन्शाच्या कानाशी तोंड नेलं. "झाक ते. वय झालं की असं होतं, एवढंच सांग त्याला."

धोंडाबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, "सिस्टर, म्या हलले नाय बरं का. सायबांनी सांगितलं व्हतं, हलायचं नाय. एकडाव बी हलले नाय."

साहेबांनी ते ऑपरेशनच्या संध्याकाळी सांगितलं होतं, त्या एका रात्रीपुरतं. नंतर कुणी येऊन 'आता हला' म्हणालंच नव्हतं. म्हातारी हुकूम पाळत पडून राहिली होती.

"झोपंत हलाय लागायची," भिका अभिमानाने म्हणाला. "मंग मी दाबून धरायचो. लय कण्हायची, पर नाय हलू दिली."

वेदिका सिस्टरचं खोटं या माणसाला किती सोयीचं पडलं असतं, हे इन्शाला त्या क्षणी कळलं, आणि त्या सोयीचीच तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

"भिकाभाऊ, वयाने नाही झालं हे," ती म्हणाली. "एकाच जागी पडून राहिल्याने झालं. यांना दर दोन तासांनी वळवायला हवं होतं. ते काम आमचं होतं. तुम्हालाही आम्हीच सांगायला हवं होतं. चूक आमची आहे."

वेदिका सिस्टर पाय आपटत निघून गेली. भिकाने आईच्या पाठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. 'पडून राहिल्याने' याच्या पुढचं इन्शाचं बोलणं त्याच्या कानात शिरलंच नसावं.

"म्हंजी," तो म्हणाला, "मी धरली नसती तर?"