आत्या फाटकाबाहेर

माझ्या भावाच्या सपोर्टचा मला आता वीट आलाय. सरळच सांगते, आडपडदा कशाला?

नांदेडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मुखेडजवळच्या खेड्यात मी मुलगा म्हणून जन्मले, इथं बाई म्हणून जगते. अधूनमधून शाळा-कॉलेजांत बोलायला जाते. पारलिंगी म्हणजे काय, असं लेकरू वर्गात असलं तर त्याला काय म्हणायचं, काय विचारायचं नाही, असलं सगळं. लातूरला एकदा शिक्षकांसमोर बोलत होते आणि बघते तर पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ! अहमदपूरला मास्तर आहे तो. मी घर सोडलं तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. चहाच्या सुट्टीत आला, पाया पडला आणि चारचौघांत म्हणाला, "ही माझी अक्का." मी ढसाढसा रडले. पदराला लावलेला माईक चालूच होता, सगळ्या हॉलनं ते रडणं ऐकलं.

त्यानं आमच्या दोघांचा फोटो स्टेटसला ठेवला. स्टेटस दुसऱ्या दिवशी आपोआप पुसलं जातं, ते त्याच्या सोयीचंच. पण फोन सुरू झाले. आईसुद्धा बोलायला लागली. "जेवलीस का गं?" एवढंच विचारायची. मला तेवढंही लई होतं.

मग वहिनीला मुलगी झाली. आमच्यात बारशाला नाव आत्यानं ठेवायचं. ती बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते आणि बाकीच्या बाया हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. भावाला सख्खी बहीण मी एकटीच. "अक्का, बारशाला यायलाच लागतंय," तो फोनवर म्हणाला आणि मी हुरळले ना! नाव शोधलं. हिरव्या खणाची कुंची शिवली, बाळाला टोचू नये म्हणून आतून जुनं मऊ मलमल लावलं. धपाटे खायची तर फार हौस होती. जन्मभर मार खाल्ला, पण लाडाचा एकही नाही.

अहमदपूरच्या स्टँडवर भाऊ मोटरसायकल घेऊन आला. माझ्या हातातली कुंचीची पिशवी घेतली, हँडलला अडकवली, पण गाडीला किक मारेना.

"अक्का, एक ऐक. नाव चुलत बहीण ठेवणार हाय. आईचं तसं म्हणणं हाय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"तू चारला फाटकापाशी ये. बाजारात मागणाऱ्या दोघी सांगून ठेवल्यात मी, त्यांच्यासंगं. बाळाला आशीर्वाद द्या, टाळ्या वाजवा. लोक लई मानतात तुम्हाला. आई साडी देणार, ओटी भरणार. सगळ्या गल्लीसमोर तुझा मान!"

तो मनापासून बोलत होता, हेच तर दुखणं. लबाडीनं बोलला असता तर तिथंच कानफटात ठेवून दिली असती. टाळी मारून पोट भरणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. त्यांची ती शिकलेली विद्या आहे. मला ती येत नाही, एवढंच. मी शिलाई मशीनवर बसणारी बाई.

"मी आत्या म्हणून आलेय रे," मी म्हणाले.

"आत्याच हायस की! पण गल्लीला कसं पटवू? अशी आलीस तर तुझ्या पाया पडतील. आत्या म्हणून आलीस तर ताटावरून उठून जातील. मी तुला सपोर्टच करायलोय न?"

लातूरला मी घसा फोडून हेच तर सांगितलं होतं. आम्हाला देव करून दाराबाहेर बसवू नका, माणूस म्हणून घरात घ्या. मास्तर मान डोलवत होता. काय कळलं होतं त्याला, डोंबल?

नांदेडची गाडी फलाटाला लागलेली होती. चढायला पाहिजे होतं मी. पण बाळ बघायचं होतं हो मला, आणि दुसरी वाट कुणी ठेवली होती?

चारला फाटकापाशी गेले. त्या दोघी आधीच आलेल्या. थोरलीनं माझ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "तुझंच घर हाय ना हे?" मी मान हलवली. "मग तू गप उभी राहा, माय. टाळी आम्ही मारतो."

आतून बायांचं कुर्र ऐकू आलं. मग धपाटे, मग मोठ्यानं हसणं. मी फाटकाच्या गजाला धरून उभी होते.

मग आई बाहेर आली, हातात साडी-नारळ. मागून घुगऱ्यांचे द्रोण घेतलेल्या शेजारणी. आईनं मला कुंकू लावलं, ओटी भरली. आणि वाकली. माझी आई माझ्या पाया पडायला वाकली! मी तिला दंडाला धरून उठवलं तर शेजारणी म्हणाल्या, "पडू द्या की, पुण्य लागतं." असलं पुण्य जळो.

वहिनीनं बाळ माझ्या हातात दिलं. माझीच कुंची घातली होती. मूठ तोंडात घालून झोपलेली, नाक थेट आमच्या आईचं.

"काय नाव ठेवलं?" मी आईला विचारलं.

शेजारणी ऐकत होत्या. आई बाळाकडंच बघत राहिली.

"तिच्या आत्यानं ठेवलंय, चांगलं ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं सुखी राहा म्हणा, बाई."

मी म्हटलं, "सुखी राहा," आणि माझी भाची परत देऊन टाकली.