बत्तूचा आवाज

चिंतामण भोंडवे बहिरा होता, आणि ही गोष्ट इंदूरच्या पाटणीपुऱ्यातल्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक होती. ती कुणालाच ठाऊक नाही अशी समजूत एकाच माणसाची होती, आणि तो म्हणजे खुद्द चिंतामण.

बहिरा न होऊन सांगतो कुणाला? उभी हयात मिलच्या साचेखात्यात गेली. सगळे माग एकदम खडखडायला लागले की तिथं कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. मग माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. चिंतामण यात असा पटाईत की खात्याच्या त्या टोकाला कोण कुणाच्या मेव्हणीबद्दल काय बोललं, ते त्याला या टोकाला कळायचं. आपले कान कधी गेले, हे तेवढं कळलं नाही.

मग एक दिवस फाटकावर कागद लागला. थोडे दिवस काम बंद. मॅनेजर हसून म्हणाला, "आराम करो भिया, फिर देखते हैं." आणि हा भोळा सांब घरी येताना पोहे-जलेबी घेऊन आला! बायकोला, सुनीताला म्हणाला, "बऱ्याच वर्षांनी पाठ टेकायला मिळतेय." त्या थोड्या दिवसांचं पुढं काय झालं ते इंदूरला सांगायला नको. आवारात गवत माजलं, भोंगा मुका झाला, आणि शेवटी त्याचे माग तुकडे तुकडे होऊन भंगाराच्या ट्रकातून गेले. ट्रक गेला तेव्हा चिंतामण फाटकाशी उभा होता. एकदा थांबवलं की ते पुन्हा चालू होत नाही, एवढं मात्र त्या दिवशी त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

कामासाठी त्यानं काय कमी वणवण केली? विजय नगरकडे नवी ऑफिसं उघडत होती, तिथं चौकीदार हवे होते. साहेबानं पाठीमागून काहीतरी विचारलं, हा समोर बघत उभा. झालं, दुसऱ्याला घेतलं. तेव्हापासून तो प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि कळो न कळो, मान हलवायचा. "ऐकू येत नाही" हे तीन शब्द त्याच्या तोंडून मेलं तरी निघाले नसते. सुनीता विजय नगरच्या एका फ्लॅटमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली, पण त्यात तिघांचं भागणार कसं?

भागवलं ते मानसनं. हे त्यांचं एकुलतं एक पोर, तेव्हा बारा वर्षांचं.

गल्लीत केबलची तार फिरवणारा शरद म्हणून एक होता, मोठा उलाढाल्या माणूस. त्यानं कुठूनशी एका विलायती कार्टूनची टेप मिळवली. बदकाचं एक आगाऊ पिल्लू, त्याची आई आणि तळ्यातले बाकी उपद्व्यापी. शरदनं त्यांना थेट इंदुरी करून टाकलं. पिल्लाचं नाव ठेवलं बत्तू, आणि त्याच्या तोंडी आवाज घातला मानसचा. बारीक, टोकदार, खट्याळ आवाज. दर रविवारी लोकल चॅनलवर बत्तू म्हणायचा, "क्यों भिया, पोहे पे सेव डाली कि नी डाली?" आणि राजवाड्यापासून परदेशीपुऱ्यापर्यंत पोरं हसून लोळायची. त्या आवाजावर भोंडव्यांची चूल पेटत होती.

चिंतामण पोराला सायकलच्या दांडीवर बसवून शरदच्या स्टुडिओत न्यायचा. स्टुडिओ कसला, तळघरातली खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. काचेच्या आत मानस बोलायचा, बाहेर शरद हसून मांडीवर थापा मारायचा. चिंतामण काचेला नाक लावून पोराचे ओठ बघायचा आणि त्याचा ऊर भरून यायचा. साऱ्या गावानं ऐकलेला तो आवाज त्यानं एकदाही ऐकला नव्हता. त्याचं त्याला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

वर्षभर असं बरं चाललं. मग एका दिवशी शरद हसला नाही. त्यानं कानावरचं यंत्र काढलं, तोंड वाकडं केलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. आत मानसचे कान लाल झालेले. शेवटी शरद बाहेर आला आणि म्हणाला, "काका, आवाज फुटतोय त्याचा. मध्येच घोगरा होतो, मध्येच चिरकतो. आता थोडे दिवस आराम करू द्या. मग बघू."

थोडे दिवस. आराम. मग बघू. हे सगळं चिंतामणनं आधी एकदा मान हलवून मान्य केलं होतं ना!

रात्री जेवताना सुनीता म्हणाली, "अहो, पोर वयात आलं. मिसरूड फुटेल, आवाज फुटेल. पोरगा मोठा होतोय याचं कुणी सुतक धरतं का?"

"आणि खायचं काय?" चिंतामण म्हणाला.

ती ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवसापासून, सुनीता कामाला गेली की चिंतामण कामाला लागायचा. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध, जे कुणी सांगेल ते. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे रियाज. मानसला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, बत्तूचे डायलॉग बारीक आवाजात म्हणायला लावायचे आणि आपण मागं उभं राहून त्याच्या पाठीवर पंजा ठेवायचा. माग नीट चालतोय की नाही ते तो असाच हात ठेवून ओळखायचा. पाठ थरथरली नाही की ओरडायचा, "और जोर से! माझ्या हाताला लागलं पाहिजे!"

मानस जोर लावायचा. शाळेत पोरं घोगऱ्या म्हणून चिडवत होती, घरी डब्यातला आटा तळाला गेलेला त्याला दिसत होता. कमावतं पोर होतं हो ते, त्याला काय कळत नव्हतं? बेंबीच्या देठापासून ओरडायचं. घसा सोलून निघायचा. "बाबा, दुखतंय," असं ते म्हणायचं, पण भिंतीला. बाबाला ओठ दिसायचे नाहीत. आणि पुढ्यात येऊन सांगायची छाती व्हायची नाही, कारण बाबाचे डोळे इतके आशेनं भरलेले. आईनं विचारलं तर म्हणायचं, "सर्दी झालीय."

"थांबायचं नाही, बाळा," चिंतामण सांगायचा. "थांबलं की संपलं."

एका सकाळी पंजाखाली पाठ भलतीच जोरात थरथरली. चिंतामणला वाटलं, आला, आवाज ठिकाणावर आला! त्यानं शाबासकी दिली, पाठ थोपटली. पोर भिंतीला कपाळ लावून हुंदके देत होतं.

त्याच संध्याकाळी शरद स्कूटर उभी करून धावतच घरात शिरला. हातात नवी टेप आणि डायलॉगचा कागद.

"काका, लॉटरी लागली! नवा एपिसोड आलाय, आणि त्यात बत्तूचा आवाजच फुटतो! चिवचिव करायला जातो आणि भसाडं क्वॅक निघतं, सगळं तळं हसतं. मला मानसचा तोच फाटका आवाज पाहिजे. आणि पुढं बत्तू मोठाच होणार, म्हणजे मोठ्या आवाजातही हाच बोलेल. चल रे मानस, एक डायलॉग मार बघू!"

चिंतामणनं हे सगळं त्याच्या ओठांवरून घटाघटा वाचलं. देव पावला! त्याला रडूच फुटलं. सुनीता पिठाच्या हातांनी बाहेर आली.

मानस कागद घेऊन उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि बोलला, "माँ, मेरी वाली आवाज कहाँ गई?" शब्द न् शब्द चिंतामणला स्पष्ट दिसला. वा! तो कौतुकानं शरदकडे वळला.

शरदचा चेहरा पडला होता. सुनीतानं पिठाचा हात तोंडावर दाबून धरला होता.

"बोल ना रे," शरद म्हणाला.

"बोलतोय की!" चिंतामण म्हणाला. "आत्ता बोलला तो!"

मानस पुन्हा बोलला. ओठ हलले, गळ्याच्या शिरा फुगल्या. चिंतामणनं पुढं होऊन पोराच्या छातीवर पंजा टेकवला. छातीत काही नव्हतं. तो हात तिथंच ठेवून त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि मग त्याला कळलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून बघितलं. "फुटत्या आवाजाला आराम द्यायचा असतो," त्या म्हणाल्या. "हा किती ओरडलाय? आत रक्त साकळलंय. आता एक शब्द काढायचा नाही. आवाज येईल का, कसा येईल, मला आत्ता सांगता येणार नाही." सुनीतानं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

शरद थांबला नाही. थांबणार कसा, त्याचंही पोट होतंच. छत्रीबागेतला कुणी पोरगा मिळाला, नुकताच आवाज फुटू लागलेला.

रविवारी एपिसोड लागला. सुनीता म्हणाली, बंद करा. मानसनं मानेनं नको म्हटलं. तिघं टीव्हीपुढं बसले. पडद्यावर बत्तू चोच उघडत होता, तळ्यातले बेडूक पोट धरून हसत होते. खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या ओट्यावर पोरं हसून लोळत होती. चिंतामणला बदकाची चोच वाचता येत नव्हती. तो पोराकडे बघत होता. मानसचे ओठ बत्तूबरोबर हलत होते, शरदच्या त्या कागदावरून सगळा पार्ट त्याला तोंडपाठ झाला होता.

मग पिल्लू आईच्या पंखाखाली शिरलं आणि मानसचे ओठ थांबले. तो बाबाकडे वळला. घरात ओठांचं बोलणं चिंतामणनं कुणाला शिकवलं नव्हतं, पण पोरानं ते उचललं होतं. एकेक अक्षर सुटं करून, आवाज न काढता, त्यानं विचारलं,

"बाबा, माझा आवाज परत चालू होईल ना?"

साचेखात्याच्या त्या टोकावरूनही वाचता आलं असतं, इतकं ते स्वच्छ होतं.

चिंतामणनं कानामागं पंजा धरला. "काय म्हणालास?" तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही रे."