परीचा मुलामा

इतकी वर्षं झाली, तरी त्या घड्याळाची केस आठवली की मला एका जागी बसवत नाही.

निजामाच्या राजवटीत मी औरंगाबादला अमीन, म्हणजे ठाण्याचा अंमलदार होतो. एका जहागीरदारांच्या हवेलीतून फ्रान्सहून आणलेलं घड्याळ गेल्याची तक्रार आली. सोन्याचा मुलामा दिलेलं, वर तिकडच्या पुराणातली कुणी देवी, शेजारी पंखवालं पोर. हवेलीत सगळे तिला परी म्हणत. पंचनाम्यात मीही परीच लिहिली, दुसरं काय लिहिणार?

माळ्याने खबर दिली. दर शुक्रवारी चावी द्यायला येणारा म्हातारा घड्याळजी बोचकं घेऊन जाताना त्याने पाहिला होता. वरून तगादा होता आणि मला नाव कमवायचं होतं. मी त्याला गुलमंडीच्या भर बाजारातून चालवत ठाण्यावर आणला. बोचक्यात त्याची हत्यारं निघाली. तरी दोन दिवस उलटसुलट विचारलं. तो एकच सांगे, घड्याळ चालू ठेवून आलो. चोर ठरलो तर या शहरात मला कुणी उंबरा ओलांडू देणार नाही. माणूस खरं बोलतोय असं आतून वाटत होतं, म्हणून मी जास्तच चिडत होतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हवेली गाठली. जबान्या घेताना जो तो घड्याळ कुणी नेलं यावरच बोलत होता. भांडी घासणाऱ्या बाईने मात्र हळूच विचारलं, "साहेब, उडालेला मुलामा परत बसतो का?"

मुलामा उडाल्याचं कुणीच बोललं नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला आणि आवाज न चढवता विचारलं, कशानं घासलं?

"ईद आली म्हणून समदं पितळ काढलं व्हतं. परीबी काळी पडलेली. चिंच अन् इटकरीची भुकटी लावून लई घासली. नाकावरचं सोनंच गेलं, साहेब."

भीतीपोटी तिने घड्याळ ज्वारीच्या कणगीत पुरलं होतं. बेगमसाहेबांनी तिला कामावर ठेवलं, एवढं बरं झालं.

घड्याळजीला त्याच दुपारी सोडलं. कागदावर निर्दोष लिहिलं. तो जाईना.

"साहब, लाये तो सबके सामने. अब बाजार तक साथ चलो. बस इत्ता करो."

अंगावरची वर्दी आड आली. काम आहे म्हणालो आणि मागच्या दाराने जायला सांगितलं. महिन्याभरात हवेलीत चावी द्यायला दुसराच माणूस येऊ लागला.

चारचौघांत पकडलेल्याला चारचौघांतच सोडावं, हे मी तिथे शिकलो. पुढे नोकरीभर सुटलेल्या प्रत्येकाला बाजारापर्यंत स्वतः पोचवलं. त्याच्यासोबत मात्र गेलो नाही.