महादेवाच्या फराळातला आलू

"बंगालातले लोक मासोळी खातात. त्यांचा कंद तू महादेवाच्या उपासाले शिजवून राह्यली?"

हे मी भिंतीआडून ऐकलं, नवी नवरी होते तेव्हा. बोलणारी रुक्माबाई, शेजारची थोरली सून. ऐकणारी जयवंताबाई, तिची धाकटी जाऊ. आमच्या गुडीहत्नूरकडे तेलगू लोक आलूला बंगाळादुंपा, म्हणजे बंगालचा कंद, म्हणतात, त्यावरून रुक्माबाईनं हा शोध लावला होता.

"मंग बंगालात जाऊन भांडा, जाऊबाई. आत्याबाईनं गंज माया हाती देला. आलू मीच शिजवीन."

खरं दुखणं ते होतं. शिवरात्रीचा फराळ आमच्यात एकच घर शिजवतं आणि तो द्रोणानं घरोघर जातो. त्या घरच्या सासूनं मरताना थोरलीला डावलून फराळाचा गंज, ते मोठं पातेलं, धाकटीला दिला. काऊन दिला, म्हातारीच जाणे. थोरलीच्या हातून मीठ फार पडायचं, एवढंच मला ठाऊक.

पुढे जावा वेगळ्या राहू लागल्या, आणि तीन वर्षांत जयवंताबाईचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. हायवेच्या कडेला बसून भाजी विकायची. कोणी वांगं दाबून पाहिलं की म्हणायची, "तुये गाल दाबू का असेच?" मला पन्नास वर्षांत तिनं एक गोड शब्द दिला नाही, आणि मी काही तिच्या वाईटावर नव्हते. पण शिवरात्रीला तिचं पाहावं. आलू सालीसकट उकडायची, एकेक हुंगून घ्यायची. हळद-मोहरी आसपास फिरकू द्यायची नाही. उपासाची पळी वेगळी, वर्षभर खुंटीला. एरवी तिच्या तोंडाला लागायला कोणी येत नसे, त्या दिवशी मात्र आख्खं गाव तिच्या हातचं खाई. तेवढाच तिचा मान.

मागच्या माघात रुक्माबाईचा नातू रविकांत देवळाच्या कमिटीत आला. त्यानं मोबाइलवरून सगळ्यांना वाचून दाखवलं. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, वस्तू परदेशी, उपासाला नको. यंदा आमच्या घरची साबुदाण्याची उसळ. गंज आमच्या घरी द्या. काय ते उद्या देवळात ठरवू.

संध्याकाळी जयवंताबाई माझ्या उंबऱ्यावर येऊन उभी. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मथुरे, तुई नात साहेबाइच्या भाषा शिकवते म्हणते. लाव फोन."

नेहा हैदराबादेत पोरांना फ्रेंच, जर्मन शिकवते. सगळं ऐकून म्हणाली, "आजी, रविकांतदादा खोटं नाही बोलत."

"मंग ठेव फोन," जयवंताबाई मला म्हणाली.

"ऐका तरी! बटाटा हे नाव आधी आलूचं नव्हतंच. समुद्रापलीकडच्या बेटांवरचे लोक रताळ्याला तसं म्हणायचे. आलू तिकडच्याच डोंगरातला, त्याचं नाव पापा. स्पेनच्या लोकांनी दोन्हींचा घोळ केला. इंग्रजांनीही तेच नाव आधी रताळ्याला लावलं, मग आलूला. फ्रेंच त्याला म्हणतात जमिनीतलं सफरचंद. जर्मनांचं नाव इटलीकडून आलं, जमिनीखालच्या अळिंबीवरून."

"म्हणजे साहेबालेबी समजलं नाई हे काय हाय ते." जयवंताबाई फोनकडे झुकली. "अन् रताळंबी तिकडलंच?"

"तिकडलंच. मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळं तिकडून आलेलं."

जयवंताबाईनं एकेक नाव बोटावर मोजलं. जाताना फोनला म्हणाली, "जाड झाली असशील पोरी, आवाजावरून वाटते." तिच्याकडचे आभार असेच.

दुसऱ्या दिवशी ती देवळात खांबाला टेकून उभी राहिली. बसली नाही.

"आलू काढता? काढा. मंग रताळं काढा. शेंगदाणे काढा, मिरची काढा. अन् जाऊबाईचा साबुदाणा सगळ्यात पयले काढा. तोबी त्याच जहाजातला."

रविकांतनं मोबाइल चाळला. चाळत राहिला. मग खिशात टाकला.

"मंग मानसानं खावं काय?" कोणी तरी विचारलं.

"बेलपत्र."

माणसं हसली. रुक्माबाई उठली. "जीभ झडो तुयी!"

"झडंल. तोवर गंज मायाच घरी."

आणि राहिला तिच्याच घरी. दोघींनी नंतर एकमेकींना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही, नाती वाचतात.

शिवरात्रीनंतर सहाव्या दिवशी जयवंताबाई दम लागून गेली. शिवरात्रीचा तिचा शेवटचा फेरा मी ओट्यावरून पाहिला होता. गंज खाली होत आला तसा तिनं एक द्रोण भरला आणि पदराखाली धरून रुक्माबाईच्या दारी गेली. दरवर्षी जायची. एक घर सोडलं तर फराळ पुरा होत नाही म्हणायची.

"ने परत," रुक्माबाई म्हणाली. "कुत्रंबी खाणार नाई."

"कुत्र्याले नाई आनला. तुमाले आनला."

द्रोण दारात ठेवला, कावळा येऊ नये म्हणून वर पळसाचं पान झाकलं, आणि ती गंज घासायला निघून गेली.