पाठीवर चिकू घेऊन दहा किलोमीटर

डहाणूच्या दौडीत लोक पाण्याची बाटली घेऊन धावतात, कानात गाणी लावून धावतात, एक जण तर शेपूट लावून हनुमान होऊन धावला होता. माझा मित्र पाठीला पिशवी बांधून आला आणि पिशवीत दोन किलो चिकू. मी विचारलं, "हे काय रे?" म्हणाला, "वजन. व्यायाम चांगला होतो." खोटं बोलायचं तर माणसाने निदान जीव लावून बोलावं.

खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी त्याच्या मुलीने शेजारच्या आगर गावात, मासेमारीच्या बोटवाल्यांच्या घरात लग्न केलं, स्वतःच्या मर्जीने. हा वाडीवाला, तीन पिढ्या चिकूत गेलेल्या. रागाच्या भरात सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसला, "तिच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही." झालं! डहाणूहून आगर ते केवढं, रिक्षावालासुद्धा भाडं घेताना तोंड वाकडं करतो. पण साहेबांच्या तोंडून शब्द गेला ना! मुलगी फोन करायची आणि हा न बोलता फोन बायकोच्या हातात द्यायचा. संध्याकाळी मात्र माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन तासभर मुकाट बसायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "यांना बरं नाही का?" मी सांगायचो, "अक्कलदाढ येतेय, जरा उशिरा."

यंदा दौडीचा रस्ता जाहीर झाला. गावातून निघायचं, समुद्राच्या कडेने आगरच्या पुढे जायचं आणि वळून परत. मुलीचं घर अगदी रस्त्याला लागून. दुसऱ्याच दिवशी हा दुकानात हजर. "दोघांचे फॉर्म भर." वय बावन्न, गुडघे त्याहून जुने. मी फॉर्म भरला. लेकीच्या घरावरून रिकाम्या हाताने जायचं नाही हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणून ते चिकू.

रविवारी सकाळी झेंडा दाखवणारे पाहुणे पाऊण तास उशिरा आले. तोवर एका पोरीने स्टेजवरून आम्हाला हिंदी गाण्यांवर नाचवलं. निम्मा दम तिथेच गेला. दोन किलोमीटरवर आम्हाला एका आजीबाईंनी मागे टाकलं, नऊवारीत. चौथ्या किलोमीटरला याच्या पिशवीतून रस गळायला लागला. पाठ चिकट, वर माश्या. मागून एक गुजराती बाई ओरडली, "अंकल, पाछळथी कंईक गळे छे!" हा म्हणाला, "घाम आहे." तीस वर्षं चिकू विकणारा माणूस, पिकलेले चिकू पाठीवर आपटत नेले तर त्यांचं काय होतं हे याला कळू नये?

आगर आलं. गावकऱ्यांनी आपापल्या घरांसमोर टेबलं मांडली होती, पाणी, लिंबू सरबत. मुलगी दारातच उभी होती, हातात सरबताचा जग. तिने लांबूनच ओळखलं बापाला. जग तसाच धरून रस्त्याच्या कडेला आली.

आणि या गाढवाने काय करावं? मान ताठ केली, रस्त्याची पलीकडची बाजू धरली आणि वेग वाढवला! सकाळपासून नव्हता एवढा वेग. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मागून धावत जाऊन पिशवी पकडली. "मेल्या, दीड वर्षं माझ्या दुकानात तोंड पाडून बसलास. आता इथून पळालास तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस!"

त्याने हिसका दिला, पट्टा तुटला आणि चिकू रस्ताभर झाले. धावणारे उड्या मारून जायला लागले. एक जण घसरला आणि आम्हाला शिव्या घालत पुढे गेला. हा तसाच उभा. मुलीने जग खाली ठेवला, ओढणी खोचली आणि रस्त्यात उकिडवी बसून चिकू गोळा करायला लागली. मग हाही गुडघे धरत खाली बसला. मी सरबत प्यायलो.

तिने एकेक चिकू अंगठ्याने दाबून बघितला, लहानपणी याच्याकडूनच शिकलेली. "हे तर गेलेच. पण हे पाच दगडासारखे आहेत. गुरुवारशिवाय पिकायचे नाहीत. बाबा, तुम्ही असे कच्चे कसे आणलेत?"

तीस वर्षांत या माणसाने कच्चा चिकू कुणाच्या हातात दिला नव्हता. तो रस्त्याकडे बघत राहिला.

"गुरुवारी पिकले का ते बघायला यावं लागेल ना मला," तो म्हणाला.

तिने चिकट हातानेच डोळे पुसले, गालभर चिकू माखला.

"या," ती म्हणाली. "जेवायलाच या. आणि धावत नको, रिक्षाने या."