टबातली सात माणसं

पा-न्हिया मुआ स्टेजवर आली की पुढच्या रांगेतल्या, लाओसहून आलेल्या आमच्या ह्मोंग म्हाताऱ्या आणि मागच्या रांगेतले गोरे शेजारी एकदमच हसायचे. सेंट पॉलमध्ये हे दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. शाळा, चर्चचा हॉल, आमचा नव्या वर्षाचा मेळा, कुठेही बोलवा, ती यायची. थोडं इंग्रजी, थोडं ह्मोंग. दोघांनाही एकमेकांची गंमत वाटायची आणि जाताना लोक जिन्यात बोलत उभे राहायचे.

तिचा सगळ्यात गाजलेला किस्सा टबाचा. थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीतून अमेरिकेत येऊन जेमतेम महिना झालेला. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनाला, बाहेर फटाके सुरू झाले. तिच्या वडिलांनी, वा-मेंगनी, गोळीबार समजून दिवे घालवले आणि घरातली सातही माणसं न्हाणीघरातल्या टबात कोंबली. आजीचा गुडघा काकाच्या बरगडीत, काकाचं कोपर नळावर. पाच वर्षांच्या पा-न्हियाला हसू आवरेना, तर बाबांनी तिचं तोंड गच्च दाबून धरलं. "मला वाटलं, या देशात हसायला बंदी आहे," ती म्हणायची, "म्हणून मोठी झाल्यावर मी हाच धंदा धरला." इथे टाळ्या पडायच्या.

वा-मेंग मात्र एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. "तिथल्या खुर्च्या टोचतात," म्हणायचे.

मग त्यांच्या यकृतात गाठ निघाली, आणि ती फार पसरली होती. आमच्यात माणसाला तोंडावर 'तू मरणार' म्हणत नाहीत. म्हटलं की मरणाला बोलावल्यासारखं होतं. पा-न्हियाने हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरला हे परोपरीनं समजावलं. तो भला माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, "पण त्यांना कळायला हवं, तो त्यांचा हक्क आहे." हजारो लोकांना हसवून आपलंसं करणारी ती, या एका माणसापुढे तिचं काही चाललं नाही. घरच्यांनी भाषांतर करायचं नाही असाही नियम होता. मग वा-मेंगच्या खाटेशी दुभाष्याला फोनवर घेतलं. कुठल्या तरी लांबच्या गावातला, आमच्यातलाच. डॉक्टरने सगळं स्पष्ट सांगून टाकलं.

"काका," दुभाष्या म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, तुमची एकशेवीस वर्षं भरत आली."

आमच्यात मरण म्हणायचं नसलं की असं म्हणतात.

"इतक्यात?" वा-मेंग म्हणाले. "काल तर मी अठ्ठ्याहत्तरचा होतो."

पा-न्हिया हसली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्यांना घरी आणलं. एका दुपारी आई आत औषधी पाला घालून कोंबडी शिजवत होती. वा-मेंग म्हणाले, "लोक म्हणे माझ्यावर पोट धरून हसतात. मलाही सांग की तो किस्सा."

"आत्ता? पडून राहा, बाबा."

"पडलोच आहे. सांग."

तिने सांगितला, पहिल्यांदाच सगळा ह्मोंगमध्ये. आजीची नक्कल केली तेव्हा ते हसले. तोंड दाबल्याची जागा आली तशी ती अडखळली, पण तेही सांगितलं.

वा-मेंग छताकडे बघत होते. "हसत होतीस होय तू," ते म्हणाले. "मला रडणं वाटलं."

"माझं?"

"लाओसमधून पळताना मेकाँग नदीच्या काठी आम्ही वेळूत लपलो होतो. वरच्या वाटेनं सैनिक चालले होते. तुझा भाऊ अंगावर पीत होता. आईचं दूध आटलं होतं, तो रडायला लागला. मी तोंडावर हात ठेवला. ते लांब जाईपर्यंत ठेवला."

आतला, पातेल्यात डाव फिरवण्याचा आवाज थांबला. आपल्याआधी कुणी भाऊ होता हे पा-न्हियाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, मला माहीत असतं तर मी तो किस्सा कधी..."

"सांगत जा. हसू देत लोकांना."

"नाव काय होतं त्याचं?"

"आईला विचार."

ती आत गेली. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ताट घे," म्हणाली, "गार होईल."

वा-मेंगनी त्यानंतर तीनेक आठवडे काढले.

अंत्यविधीला वाट सांगणारे बुवा गायला बसले. गेलेल्याचा जीव जिथं जिथं राहिला, त्या त्या गावावरून त्याला मागे मागे नेत जन्मगावी पोचवायचं, असं ते गाणं. सेंट पॉलचं घर झालं, छावणी झाली. तेवढ्यात आई उठली आणि बाहेर गेली. पा-न्हिया मागोमाग धावली. आई बाहेर लावलेल्या गाड्यांमध्ये उभी होती, अंगात कोट नव्हता.

"आई, आत चल. थंडी आहे."

"आता नदी येईल," आई म्हणाली. "मी नाही तिथं थांबणार. ते पार झाले की मला बोलव."

पा-न्हिया परत येऊन पुढे बसली. पण गाण्यातले शब्द फार जुने होते. कान देऊन ऐकलं तरी तिला त्यातलं काही उमगेना. दोन भाषांवर पोट भरणारी ती, शेजारच्या म्हाताऱ्या चुलत्याकडे वाकली.

"काका, नदी ओलांडली का?"

त्यांनी डोळे न उघडता, थांब, असा हात केला. ती दाराकडे बघत तशीच बसून राहिली.